नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश : घरच्या संगणकातल्या हेरांचा इतिहास

करमाडला इतिहासावर व्याख्यान म्हटलं की श्रोते देवगिरीची, निजामशाहीची किंवा मुक्तिसंग्रामाची तयारी करून येतात. आज आपण फार मागे जाणार नाही. फार तर चाळीस वर्षं. पण विषय घराघरातला आहे: घरच्या संगणकात शिरणारे हेर, म्हणजे स्पायवेअर, आणि आपला ब्राउझर पळवून नेणारे प्रोग्रॅम. ते आत आले कसे, लोकांनी ते काढले कसे, आणि काढूनही ते परत का आले, हे बघायचं आहे.

करमाड हे जालना रस्त्यावरचं, रेल्वे स्टेशन असलेलं गाव. शहराच्या बाजूला शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, पलीकडे बदनापूर आणि जालना. अशा गावांमध्ये घरचा संगणक बिघडला की वर्षानुवर्षं एकच औषध मिळत आलं: ‘फॉरमॅट मारून घ्या.’ या एका वाक्यानं संगणक साफ व्हायचा, पण घाण आली कुठून, हा प्रश्नही त्याच्याबरोबर पुसला जायचा. आमचं म्हणणं असं की, या सगळ्या इतिहासात ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांच्या हातून खरं काम झालं.

सुरुवात शेजारच्या देशातून करू. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. तो फ्लॉपीतून पसरायचा, आणि गंमत म्हणजे त्याच्या आत त्या भावांची नावं, पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला होता. त्या काळातले व्हायरस असेच, बरेचदा आपली ओळख सांगत येणारे. कुणी पडद्यावर संदेश दाखवायचा, कुणी फाईल खराब करायचा. पैसा त्यात फारसा नव्हता.

या व्हायरसना उत्तर शोधणाऱ्यांत आपल्याकडचेही दोन भाऊ होते. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, वाढले पुण्यात. दहावीनंतर कॉलेजला न जाता ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायचे. ते काढण्यासाठी संजय यांनी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यात ‘क्विक हील’ उभं राहिलं. २००७ मध्ये कंपनीनंही तेच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, या कामाचा जन्म दुरुस्तीच्या टेबलावर झाला. समोरच्या यंत्राला नेमकं काय झालंय, हे उघडून बघण्याच्या सवयीतून झाला.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. पण ते आपल्या घरात शिरायला अजून वेळ होता. महाराष्ट्रात २००१ मध्ये एमकेसीएलची स्थापना झाली, २००२ पासून एमएस-सीआयटी सुरू झाली, आणि तालुक्याच्या गावांपासून बाजाराच्या गावांपर्यंत संगणकाचे वर्ग निघाले. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागलं, तसा ‘पोरांना सराव करायला’ म्हणून घरी संगणक येऊ लागला. घर एक, संगणक एक, आणि वापरणारे पाच. हे ‘पाच’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच सुमारास बाहेरच्या जगात धंदा बदलला होता. फुकट सॉफ्टवेअर द्यायचं आणि त्याच्या पोटात जाहिरातीचा प्रोग्रॅम घालायचा, अशी पद्धत रूढ झाली. तुम्ही कोणती पानं बघता याची नोंद तो प्रोग्रॅम ठेवायचा आणि मालकाला कळवायचा. गाणी उतरवून घ्यायचं ‘कझा’ असेच पाहुणे बरोबर आणायचं. ‘गेटर’ तर पासवर्ड लक्षात ठेवण्याची सोय म्हणून यायचं आणि जाहिराती दाखवत बसायचं. २००० मध्ये अमेरिकेतले प्रोग्रॅमर स्टीव्ह गिब्सन यांना स्वतःच्याच संगणकात असा एक पाहुणा सापडला. त्यांनी तो काढण्यासाठी ‘ऑप्टआउट’ नावाचा प्रोग्रॅम लिहून फुकट वाटला. त्याच काळात ‘ॲड-अवेअर’ आणि जर्मनीच्या पॅट्रिक कोला यांचं ‘स्पायबॉट’ आलं. पुढे आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांच्या सीडीतही ही दोन नावं असायचीच.

ब्राउझर पळवणाऱ्यांचा किस्सा याच्या पुढचा. १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये मायक्रोसॉफ्टनं बाहेरच्या प्रोग्रॅमना ब्राउझरला जोडून घेण्याची सोय केली होती. सोय चांगल्या हेतूची, पण त्या दारानं वाटेल ते आत येऊ लागलं. २००३ मध्ये ‘कूलवेबसर्च’ पसरला. ब्राउझर उघडला की भलतंच पान यायचं, शोध कुठलाही घ्या, निकाल त्यांच्याच पानावर. बदललेलं पान परत नीट केलं तरी संगणक पुन्हा सुरू झाला की जैसे थे. यातला पैसा सोपा आहे: शोध आणि जाहिरात ज्याच्या दारातून जाते त्याला दर क्लिकमागे कमिशन मिळतं. म्हणून तुमचं दार बदलायचं.

नेदरलँड्समधल्या मेरिन बेलेकोम या विद्यार्थ्यानं यावर ‘हायजॅकधिस’ नावाचं साधन लिहिलं. त्याची रीत न्यारी होती. ते ‘हा चोर, हा साव’ असं काही सांगायचंच नाही. हेर जिथे जिथे लपू शकतात त्या सगळ्या जागांची फक्त यादी द्यायचं: सुरू होताना आपोआप चालणारे प्रोग्रॅम, ब्राउझरला जोडलेल्या वस्तू, होमपेज, पत्ते वळवणारी फाईल. यादी वाचायची तुम्ही, किंवा जाणकाराला दाखवायची. २००७ मध्ये ट्रेंड मायक्रो कंपनीनं ते विकत घेतलं. त्या यादीनं असंख्य लोकांना आपल्याच यंत्राचं आतलं घर दाखवलं.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे त्या काळात नेट हळू आणि महाग. म्हणून आपला मुख्य रस्ता होता पेनड्राईव्ह. फोटो स्टुडिओ, डीटीपीचं दुकान, सायबर कॅफे, कॉलेज, घर. विंडोज एक्सपी पेनड्राईव्ह लावताच त्यातली ‘ऑटोरन’ची सूचना बघायचा. ‘न्यू फोल्डर’ नावाचा, फोल्डरचं चित्र लावलेला प्रोग्रॅम आठवतो का? फोल्डर समजून दोनदा क्लिक केलं की झालं. अशा काही प्रकारांत टास्क मॅनेजर बंद व्हायचा, होमपेज बदलायचं. काही प्रकार तुमचे खरे फोल्डर नुसते लपवून ठेवायचे आणि त्यांच्या जागी आपली नक्कल मांडायचे. मायक्रोसॉफ्टनं अपडेटमधून पेनड्राईव्हसाठी हे ऑटोरन बंद केलं, तोवर फेब्रुवारी २०११ उजाडला होता.

इथे ‘फॉरमॅट मारा’चा हिशेब करायला हवा. फोल्डर दिसेनात म्हणजे डेटा गेला, असं समजून अनेकांनी डिस्क पुसून घेतली. प्रत्यक्षात डेटा तिथेच होता. ‘ॲट्रिब’ ही एका ओळीची आज्ञा दिली असती तर लपलेलं सगळं दिसलं असतं. बारशाचे फोटो, वडिलांनी टाईप केलेली जमिनीची कागदपत्रं, अर्जांच्या प्रती, या गोष्टी हेरांनी नेल्या नव्हत्या. त्या उपचारात गेल्या.

दुसरा तोटा त्याहून मोठा. फॉरमॅट झालेला संगणक घरी यायचा तेव्हा त्यात प्रिंटरचा ड्रायव्हर नसायचा, मराठी फॉन्ट नसायचा. श्रीलिपीत टाईप केलेली फाईल उघडली तर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हांची खिचडी. मग काय, बसा शोधत: ‘मराठी फॉन्ट फ्री डाउनलोड’. पानावर चार हिरवी बटणं, त्यातली तीन जाहिरातीची. जे हाती लागलं ते उतरवलं आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’. संध्याकाळपर्यंत वरती नवी टूलबार आणि होमपेजवर नवा पाहुणा. शिवाय मारलेली विंडोज बरेचदा नकली, म्हणून अपडेट बंद. म्हणजे औषधानंच रोगाला दार उघडून दिलं.

देवगिरीची एक गोष्ट परंपरेनं सांगितली जाते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा व्यापाऱ्यांची पोती धान्याची समजून घाईघाईनं किल्ल्यात नेली गेली. वेढा पडल्यावर पोती उघडली तर आत मीठ. खंदक, कातीव कडा, अंधारी, सगळं जागच्या जागी होतं. पोतं मात्र आत घेताना कुणी उघडून पाहिलं नाही. ब्राउझर पळवणाऱ्यांचं तंत्र हेच आहे. ते बहुतेकदा भिंत फोडत नाहीत, आपणच त्यांना उचलून आत नेतो.

आणि कायद्याच्या बाबतीत त्यांची ढाल हीच असते. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला. त्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात व्हायरस किंवा तसा घातक प्रोग्रॅम घालण्याबद्दल भरपाईची तरतूद करतं. पुढच्या दुरुस्तीनंतर, अप्रामाणिक हेतूनं तेच केलं तर कलम ६६ खाली तो गुन्हा झाला. पण जाहिरातवाले म्हणतात, परवानगी तर तुम्हीच दिलीत, ‘मान्य आहे’वर टिचकी तुमची. ही पळवाट सगळीकडे चालली असं मात्र नाही. ‘झँगो’ या कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ठपका ठेवला की ग्राहकाला नीट न सांगता प्रोग्रॅम घातले गेले. २००६ मध्ये तिनं ३० लाख डॉलर भरण्याचं कबूल केलं. फसवून घेतलेली ‘हो’ ही ‘हो’ नसते, हे त्यातून पुढे आलं.

कधी कधी पोतं कारखान्यातूनच भरून येतं. २०१५ मध्ये उघड झालं की लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचा जाहिरातीचा प्रोग्रॅम आधीच बसवलेला होता, आणि तो बँकेच्या पानांसारखी सुरक्षित जोडणीसुद्धा मधल्या मध्ये उघडू शकत होता. २०१७ मध्ये चेक पॉइंट कंपनीनं ‘फायरबॉल’चा अहवाल दिला. जगात २५ कोटी संगणकांत हा ब्राउझर पळवणारा आहे आणि त्यात सर्वाधिक, सुमारे अडीच कोटी, भारतात, असा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टनं हा आकडा फुगवलेला असल्याचं म्हटलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारनं ‘सर्ट-इन’ मार्फत सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं आणि सफाईची साधनं फुकट दिली. त्यात पुण्याच्या क्विक हीलचंही साधन होतं. दुरुस्तीच्या टेबलावरून निघालेली गोष्ट अशी सरकारच्या योजनेपर्यंत पोचली.

आता या इतिहासातून सफाईचा क्रम कसा निघतो, तेवढं सांगतो. आधी नेट बंद करा आणि कागदपत्रं, फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. उतरवताना प्रोग्रॅमच्या फाईल घेऊ नका. मग बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावा. त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशीचं पोतं बहुधा तिथेच सापडतं. ब्राउझरमधली एक्स्टेन्शन बघा, होमपेज आणि शोधयंत्र बघा, कोणत्या साईटला नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे ते बघा. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर उजवं क्लिक करून त्याच्या पत्त्याच्या शेपटीला कुणी भलती साईट चिकटवली आहे का, तेही बघा. हे एक ठिकाण राहून जातं आणि मग ‘काढलं तरी परत येतं’ अशी तक्रार येते. आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम आणि प्रॉक्सीची सेटिंग तपासा. त्यानंतर विंडोजमधल्या डिफेंडरनं ऑफलाइन तपासणी करा. आणि पासवर्ड बदला, पण त्याच संगणकावरून नाही, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून.

फॉरमॅटला आमचा विरोध नाही. हेर खोल रुतला असेल, बँकेचे व्यवहार त्या यंत्रावर झाले असतील, तर फॉरमॅटच योग्य. पण तो शेवटचा उपाय असावा, फाईल वाचवून झाल्यावरचा. आणि ड्रायव्हर, फॉन्ट कंपनीच्याच साईटवरून घेऊन.

ते ‘पाच जण’ आठवतात? घरातल्या संगणकावर कुणीही एकानं ‘हो’ म्हटलं की ती पाचही जणांच्या वतीनं ‘हो’ होते. प्रत्येकाला वेगळं खातं द्या आणि नवा प्रोग्रॅम बसवायचा अधिकार एकाच खात्याकडे ठेवा. इतका साधा उपाय, पण घरोघरी राहून गेला. आज संगणकाची जागा मोबाईलनं घेतली आहे. पीकविमा, सातबारा, बँक, सगळं त्या एका पडद्यावर. तिथेही दाराशी तोच प्रश्न येतो: ‘अलाऊ?’ कुणी फसवून पैसे काढलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा, कारण तिथे तासांना किंमत आहे. पण त्याआधी, पोतं आत घेण्यापूर्वी, एकदा उघडून बघा.

आता प्रश्न घेऊया.