गुलाबी बोंडअळी आणि आनुवंशिकतेचें गणित

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील शेवगांव, पाथर्डी व नेवासें या तालुक्यांत कापूस हें शेतकऱ्याच्या हातीं रोख पैसा आणणारें पीक आहे. या पिकाचा जुना वैरी म्हणजे गुलाबी बोंडअळी. सन १८४३ मध्यें सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून तिचें वर्णन केलें. ही अळी बोंडांत शिरून सरकी खाते. एकदां ती आंत गेली कीं औषधाचा फवारा तिच्यापर्यंत पोहोंचत नाहीं.

२००२ सालीं भारतांत बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातींतील एका जिवाणूचें जनुक या कपाशींत घातलेलें असल्यामुळें झाड स्वतःच अळीला मारक असें प्रथिन तयार करतें. २००६ मध्यें दोन जनुकांचें वाण आलें. शेतकरी निश्चिंत झाला; परंतु अळीच्या वंशांत निराळाच हिशेब चालूं होता.

तो हिशेब समजण्यास १९०८ सालाकडे वळलें पाहिजे. त्या वर्षीं इंग्लंडांतील गणिती हार्डी व जर्मनींतील वैद्य वाइनबर्ग यांनीं स्वतंत्रपणें एक साधा नियम मांडला. जीवाला कोणत्याहि गुणाचीं दोन जनुकें मिळतात. एक मातेकडून, एक पित्याकडून. विष पचविण्याची अळीची शक्ति बहुधा अशी असते कीं, दोन्ही जनुकें त्याच जातीचीं असलीं तरच ती प्रकट व्हावी. दर हजार जनुकांत असें एक असेल, तर दोन एकत्र येण्याचा योग दहा लाखांत एक.

म्हणून बीटी शेताभोंवतीं साध्या कपाशीच्या पांच ओळी किंवा एकंदर पेऱ्याचा पांचवा हिस्सा, यांपैकीं जें अधिक तें लावावें, असा नियम झाला. तेथें वाढलेल्या असंख्य साध्या पतंगांशीं विष पचविणाऱ्या मोजक्या पतंगांचा संकर व्हावा, आणि त्यांची संतति बीटी कपाशीवर मरावी, हा हेतु. परंतु केवळ अळीसाठीं राखावयाच्या ओळी दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला कशा परवडाव्या? बियाण्याबरोबर आलेली साध्या सरकीची पुडी बहुधा पेरलीच गेली नाहीं.

२०१० च्या सुमारास गुजरातेंत पहिल्या विषाला न जुमानणारी अळी आढळली. २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत तिनें दोन जनुकांच्या कपाशीचींहि बोंडें पोखरलीं. अमेरिकेंत मात्र ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनीं राखीव कपाशी लावली. पुढें किरणोत्सर्गानें वांझ केलेले अब्जावधि पतंग सोडण्यांत आले, आणि २०१८ सालीं तेथील कापूसपट्ट्यांतून ही कीड नाहींशी झाल्याचें जाहीर झालें.

आपल्याकडे १९६८ सालीं स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा कापूस सुधार प्रकल्प राहुरीसच आहे. शास्त्रज्ञांचा उपदेश साधा आहे: कामगंध सापळे लावावे, फरदड घेऊं नये, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेत मोकळें करावें. कापूस मिळाला नाहीं म्हणजे अळीची साखळी तुटते. मात्र एकट्यानें हें करून भागत नाहीं. पतंग बांध ओळखीत नाहीं. गांवांतील एक शेत उभें राहिलें तरी पुढील वर्षाचें बीं तेथें सुरक्षित राहतें.