डबीतले पाणी

सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास बहुधा रंग, गंध आणि राजविलास यांच्या अंगाने सांगितला जातो. ती द्रव्ये टिकवली कशी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस वाटते, या उपेक्षित प्रश्नातच त्या इतिहासाचे मर्म आहे. कारण जे अंगाला लावायचे तेच नासले, तर विलासाचा विकार होण्यास वेळ लागत नाही.

आपल्या जुन्या परंपरेने हा प्रश्न फारसा उद्भवू दिला नव्हता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधसार' आणि मराठी टीकेसह असलेला 'गंधवाद' हे ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेस आणले. पुढे १९८९ साली ते बडोद्याहून प्रसिद्ध झाले. या परंपरेत चूर्णे, धूप आणि तेले यांना मोठे स्थान आहे. दिवाळीच्या अभ्यंगासाठी घरून आलेली उटण्याची पुडी दिल्लीस वा लखनौस महिनोगणती का टिकते, याचे उत्तर तेथेच मिळते. सूक्ष्मजंतूंना वाढण्यास पाणी हवे आणि पुडीत ते नसते. पाणी आपण घालतो ते स्नानाच्या वेळी, आणि कालवलेले उटणे दुसऱ्या दिवसासाठी कोणी ठेवीत नाही.

युरोपात दुसरी वाट रुळली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने मेण व गुलाबतेल वितळवून, त्यात पाणी घोटून एक लेप सिद्ध केला. त्यातील पाणी उडून जाताना त्वचेस गारवा वाटे. 'कोल्ड क्रीम' या नावाचे मूळ ते. परंतु हा लेप लवकर खवट होई. एकोणिसाव्या शतकात तिकडील औषधशास्त्रज्ञ मलमाची चरबी टिकावी म्हणून तीत ऊद मुरवू लागले. उदातले बेन्झोइक आम्ल जंतूंना रोखते, पण आंबट माध्यमातच. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत याच आम्लाच्या गोत्रातील पॅराबेन ही द्रव्ये परिरक्षक म्हणून पुढे आली. ती आंबटपणावाचूनही काम करतात आणि शंभर भागांत अर्ध्या भागाहून कमी पुरतात. तरीही पेच संपला नाही. जंतू वाढतात क्रीमच्या पाण्यात, आणि पॅराबेनचा बराचसा अंश जाऊन बसतो तेलात. म्हणजे चोर अंगणात आणि पहारेकरी माजघरात, अशी स्थिती. ही वाटणी साधणे हेच या शास्त्राचे खरे कौशल्य होय.

ते न साधल्यास काय होते, हे पुढील दोन घटनांवरून कळते. १९४६ साली न्यूझीलंडमध्ये नवजात अर्भकांच्या अंगाला लावलेल्या टाल्कम पावडरीत धनुर्वाताचे जंतू निघाले. चार अर्भके दगावली. पावडर कोरडी होती, पण या जंतूंची बीजे कोरड्यातही निद्रिस्त राहतात. जंतूंची वाढ थोपवणे निराळे आणि माल मुळात निर्मळ असणे निराळे, हे त्या घरांना फार मोठी किंमत मोजून कळले. १९६७ साली अमेरिकेतील एका रुग्णालयातून प्रसिद्ध झालेला वृत्तान्त याहून विलक्षण आहे. हात धुतल्यावर लावण्यासाठी ठेवलेल्या क्रीममध्येच क्लेब्सिएला जंतू वाढले होते आणि तेथून ते अत्यवस्थ रुग्णांच्या रक्तात पोचले. स्वच्छतेसाठी धुतलेला हातच रोगाचा वाहक ठरला!

आपल्याकडे १९४० च्या औषध कायद्याच्या कक्षेत सौंदर्यप्रसाधने १९६२ च्या दुरुस्तीने आली. कायद्याने मालावर नजर ठेवता येते. लोकांच्या मनातील भय मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. २००४ साली एका ब्रिटिश अभ्यासात स्तनांच्या गाठींत पॅराबेन आढळले. त्यामुळे कर्करोग होतो, असे त्यातून सिद्ध झाले नव्हते. पण धास्ती पसरली आणि 'पॅराबेनरहित' ही अक्षरे डब्यांवर झळकू लागली. मग पर्यायांचा शोध सुरू झाला. त्यांपैकी मेथिलआयसोथायाझोलिनोन या द्रव्याने युरोपात त्वचेच्या ॲलर्जीची जणू साथच आणली. २०१७ पासून तेथे अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यास मनाई झाली. पॅराबेनांपैकीही ज्या पाचांच्या निर्धोकपणाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही, त्यांना युरोपाने २०१४ साली वगळले; उरलेली मर्यादित प्रमाणात चालू आहेत. भीतीने घाऊक निकाल दिला, शास्त्राने एकेका द्रव्याची चौकशी केली. दोहोंतला फरक हा एवढाच, पण फार मोठा आहे.

'परिरक्षकविरहित' हे शब्द वाचून आपण निर्धास्त होतो. आमच्या मते तेथे एक प्रश्न अवश्य विचारावा: या डबीत पाणी आहे काय? नसेल, तर आपल्या उटण्याचा न्याय तिला लागू आहे. माल तेवढा निर्मळ हवा. पाणी असेल, तर त्याची राखण कोण करतो, हे जाणून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. आणि त्या डबीत ओले बोट न घालणे, घट्ट झालेल्या लेपात नळाचे पाणी न मिसळणे, ही आपली स्वतःची जबाबदारी आहे; कारण पहारेकऱ्याचे बळ मोजूनमापून दिलेले असते, आणि आपण घातलेले पाणी त्या हिशेबात धरलेले नसते.