लाल भिंगाची गोष्ट : रंगांधत्व, परीक्षा आणि पुण्यातून उभा राहिलेला खटला

१/ पावसाळ्यात गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरताना धुके दाटते. पुढच्या वाहनाचे लाल दिवे हाच काय तो आधार. काही डोळ्यांना मात्र हा लाल मळकट, विझत आल्यासारखा दिसतो. अशा डोळ्यावर रंगीत भिंग चढवून रंगभेद परत मिळवता येईल काय? या प्रश्नाचा इतिहास पाहू.

२/ इ. स. १७९४. जॉन डाल्टन यांनी मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे स्वतःच्याच दृष्टीवर निबंध वाचला. इतरांना गुलाबी दिसणारे जिरेनियमचे फूल त्यांना दिवसा निळे आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल दिसे. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, हा त्यांचा तर्क. १८४४ मध्ये मृत्यूनंतर त्यांच्याच इच्छेनुसार डोळा तपासला गेला. द्रव नितळ निघाला.

३/ खरे कारण दृष्टिपटलात होते. रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशींपैकी एक प्रकार नसला वा बदललेला असला, की लाल-हिरव्याची गल्लत होते. संबंधित जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने हा दोष पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. १९९५ मध्ये डाल्टन यांच्या जतन केलेल्या डोळ्याच्या डीएनएवरून त्यांचे कोडे सुटले : मध्यम तरंगलांबीच्या, म्हणजे ‘हिरव्या’ रंगद्रव्याचे जनुक त्यात नव्हते.

४/ आगगाडी आली आणि वैयक्तिक कुतूहलाची सार्वजनिक चिंता झाली. १८७५ च्या स्वीडनमधील लागेरलुंडा अपघातामागे रंगांधत्व असावे, असा संशय होल्मग्रेन यांनी घेतला. पुढील अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली. पण रंगीत लोकरीच्या लड्यांची त्यांची चाचणी रूढ झाली. १९१७ मध्ये जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी ठिपक्यांत अंक दडवलेले तक्ते प्रसिद्ध केले. नोकरीच्या उंबरठ्यावर आजही बहुधा तेच उभे असतात.

५/ भिंगाची कल्पना मात्र लोकरीच्या चाचणीहूनही जुनी. एका डोळ्यापुढे लाल आणि दुसऱ्यापुढे हिरवी काच असलेला चष्मा १८५५ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी सुचवला होता. १९७१ मध्ये अमेरिकेतील हॅरी झेल्टझर यांनी ‘एक्स-क्रोम’ ही लाल कॉन्टॅक्ट लेन्स पुढे आणली. ती एकाच डोळ्यात घालायची.

६/ एकाच डोळ्यात का? लाल भिंगातून लाल वस्तू उजळ राहते, हिरवी काळवंडते. उघड्या डोळ्याला दोन्ही सारख्याच भासतात. दोन डोळ्यांच्या साक्षींतील हा फरक मेंदू टिपतो आणि सरावाने त्यावरून भेद ओळखू लागतो. गमावलेला रंग परत येत नाही. त्याची खूण हाती लागते.

७/ या खुणेची किंमतही असते. भिंग प्रकाश अडवते, म्हणून तिन्हीसांजेला अडचण वाढते. शिवाय एक डोळा अंधारलेला असला, की हलत्या वस्तूंचे अंतर चुकीचे भासते. १९२२ मध्ये वर्णिलेला हा ‘पुल्फरिच परिणाम’. धुक्यातल्या घाटवळणावर अशी चूक महागात पडेल.

८/ मग ही लेन्स घालून इशिहारा तक्ते वाचले तर? अनेकांना ते जमते. म्हणूनच अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांच्या चाचणीत ‘एक्स-क्रोम’ अमान्य ठरवली. तक्ता वाचता आला म्हणजे काम जमेलच असे नाही. आणि याचीच उलट बाजू : तक्ता वाचता आला नाही म्हणून काम जमणारच नाही, असे तरी कोठे आहे?

९/ हा उलटा प्रश्न पुण्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१५ मध्ये फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या संकलन अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या एका उमेदवारास रंगांधत्वामुळे प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली आणि एप्रिल २०२२ मध्ये निर्णय दिला : रंगांधत्व असलेल्यांना सर्व अभ्यासक्रम खुले असावेत. रंगसंस्करणाचा भाग वगळावा किंवा ऐच्छिक ठेवावा, असे समितीचे मत होते. चित्रपट ही सामूहिक कला; एकाची उणीव सहकारी भरून काढतो.

१०/ जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून सौम्य व मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहन परवान्याची वाट मोकळी केली. तीव्र दोषाची मर्यादा राहिली. मॅक्सवेलपासून झेल्टझरपर्यंत सारा प्रयत्न डोळा बदलण्याचा होता. पुण्याच्या खटल्याने नियमालाच विचारले : या कामाला नेमका कोणता रंग, किती लागतो? लेन्स विकत घेण्याआधी आणि कुणाला दारातून परत पाठवण्याआधीही, हाच प्रश्न विचारायला हवा.