थव्याची शिस्त : संगणकीय सिम्युलेशनमधील एका प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना :
सायंकाळच्या आकाशात शेकडो पक्षी एकाच वेळी वळतात. त्यांना नेता नसेल, तर ही शिस्त येते कोठून, हा प्रश्न जुना आहे. इंग्रज पक्षिनिरीक्षक एडमंड सेलू यांनी १९३१ मध्ये त्यासाठी विचारसंक्रमणाची कल्पना मांडली होती. संगणकाने या प्रश्नास दिलेल्या उत्तराचा व त्याच्या मर्यादेचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नियमांचे प्रतिरूप :
अमेरिकन संगणकतज्ज्ञ क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये ‘बॉइड्स’ हे प्रतिरूप प्रसिद्ध केले. त्यातील प्रत्येक कृत्रिम पक्षी तीनच नियम पाळतो : शेजाऱ्यास धडकू नये, त्याच्या दिशेशी व वेगाशी जुळवून घ्यावे आणि जवळच्यांच्या मध्याकडे सरकावे. नेत्याविना पडद्यावर थवा अवतरला. मात्र हे नियम रेनॉल्ड्स यांनीच घालून दिलेले होते. थवा कसा बनू शकतो हे दिसले. पक्ष्याने हे नियम का पाळावेत, हे अनुत्तरित राहिले.

उत्क्रांतीची जोड :
‘का’चे एक उत्तर ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९७१ मध्येच सुचविले होते : शिकाऱ्यापासून वाचण्यासाठी प्रत्येक जीव इतरांच्या आड जातो व या स्वार्थातूनच कळप घडतो. पुढे संशोधकांनी थव्याचे नियम देणेच सोडले. कृत्रिम जीवांचे वर्तन प्रारंभी यादृच्छिक ठेवले गेले. जे टिकले, त्यांच्यापासून किंचित बदलांसह पुढची पिढी घडली. याच पद्धतीने २०१३ मध्ये रँडल ऑल्सन, क्रिस्तोफ आदामी व सहकाऱ्यांनी दाखविले की, अनेक हलत्या भक्ष्यांमुळे शिकाऱ्याचा होणारा गोंधळ एवढे एकच कारणही थवा उत्क्रांत होण्यास पुरेसे ठरते.

निष्कर्ष :
‘पुरेसे कारण’ म्हणजे ‘प्रत्यक्ष कारण’ नव्हे. हॅमिल्टन यांचे कारण वेगळे, ऑल्सन यांचे वेगळे. दोहोंतून समूहच निर्माण होतो. म्हणून केवळ थवा पाहून त्याचे कारण ठरविता येत नाही. निरीक्षणाने प्रतिरूपासही दुरुस्त केले आहे. ‘बॉइड्स’मध्ये ठरावीक अंतरातील सर्वच शेजारी विचारात घेतले जात, रोममधील स्टार्लिंग पक्ष्यांच्या अभ्यासात मात्र २००८ मध्ये असे आढळले की, अंतर कितीही असो, प्रत्येक पक्षी सरासरी सहा-सात निकटच्या शेजाऱ्यांशीच जुळवून घेतो. संगणक शक्यता दाखवितो. त्यांपैकी कोणती निसर्गात खरी ठरली, याचा निर्णय अखेर आकाशाकडे पाहूनच करावा लागतो.