जामीन कोण? ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअपच्या बिघाडांचा इतिहास

यंत्रांचा इतिहास आपण वाचतो तो बहुतेक वेळा शोधांचा असतो. कुणी काय बनवले, कधी बनवले, पेटंट कुणाला मिळाले. ते यंत्र पुढे रस्त्यात बंद पडले तेव्हा काय झाले, कुणी उघडून पाहिले, खर्च कुणाच्या माथी बसला, हा भाग पुस्तकात येत नाही. तो गॅरेजमध्ये उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जातो. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील, चाचा, मामू गॅरेजमध्ये राबतात, म्हणून या न लिहिलेल्या इतिहासाकडे माझे लक्ष जाते. त्यातलेच एक प्रकरण आज सांगतो. ते आहे अमेरिकेतले, पण त्यातला सवाल आपल्या ओळखीचा आहे.

अमेरिकेत पिकअप ट्रक हे गुरे पाळणाऱ्याचे, शेतकऱ्याचे, छोट्या कंत्राटदाराचे वाहन. पुढे केबिन, मागे हौदा आणि हौद्यामागे हुकाला जोडलेला ट्रेलर. ट्रेलरवर कधी जनावरे, कधी माती खोदायचे यंत्र, कधी चाकांवरचे अख्खे घर. चार-पाच टन ओढणे ही रोजची बाब. सपाट रस्त्यावर हे सोपे आहे, परीक्षा चढावर होते. कोलोरॅडो राज्यात आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून उंच आहे आणि त्याकडे जाणारा रस्ता काही ठिकाणी ७ टक्के चढाचा आहे. तिथे इंजिन पूर्ण दाबून मैलोन्‌मैल चालवावे लागते. हवा विरळ, भार मोठा आणि उष्णता बाहेर टाकायला वेळ नाही. रिकाम्या गाडीत वर्षानुवर्षे दबून राहिलेला दोष अशा चढावर एका दुपारी बाहेर येतो.

डिझेल इंजिन कमी फेऱ्यांमध्ये जास्त ताकद देते, म्हणून ओढायच्या कामाला ते सोयीचे. पण अमेरिकेत त्याची सुरुवातच वाईट झाली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर जनरल मोटर्सने १९७८ साली ओल्ड्समोबिलचे ५.७ लिटरचे डिझेल इंजिन आणले. ते मोटारींत बसवले आणि हलक्या पिकअपमध्येही. ब्लॉक मजबूत केला होता. पण सिलिंडर-हेड आवळणाऱ्या बोल्टांची संख्या आणि मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवली, म्हणजे तीच जुनी यंत्रे वापरता येतील. डिझेलमध्ये हवा पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त दाबली जाते. या इंजिनात २२.५ पटीने. बोल्ट ताणले जात, हेड गॅस्केट फुटे आणि रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये उतरे. डिझेलमधले पाणी वेगळे करणारा फिल्टरही कंपनीने दिला नव्हता, त्यामुळे पंप आणि नोझल गंजत. १९८५ मध्ये हे इंजिन बंद झाले, पण तोवर अमेरिकन ग्राहकाचा डिझेलवरचा भरवसा उडाला होता. ‘हेडचे बोल्ट’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. पंचवीस वर्षांनी ते परत येणार आहेत.

भरवसा परत मिळवला तो १९८९ साली, डॉजच्या पिकअपमध्ये बसवलेल्या कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनाने. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची ही कंपनी १९६२ पासून किर्लोस्करांच्या भागीदारीने पुण्यात इंजिने बनवू लागली, त्यामुळे कोथरूडकरांना हे नाव परके नाही. हे इंजिन मुळात ट्रॅक्टर आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी घडवलेले. सहा सिलिंडर एका रांगेत, भाग कमी, वजन भरपूर. पण या भरवशाच्या इंजिनातही एक खोट होती. पुढच्या बाजूला टायमिंग गिअरचे आवरण जागेवर बसवण्यासाठी एक छोटी पोलादी खिळी होती. थरथरीने ती हळूहळू बाहेर सरके आणि एक दिवस फिरत्या गिअरमध्ये पडे. मिस्त्री लोकांनी तिचे नाव ‘खुनी खिळी’ ठेवले. इलाज केवढासा? बाजूच्या बोल्टखाली पत्र्याची एक पट्टी अशी बसवायची की खिळीला बाहेर यायला वाटच उरणार नाही. पट्टीची किंमत नगण्य, तिथवर पोचायची मेहनत तेवढी मोठी.

फोर्डची गोष्ट वेगळी होती. फोर्ड आपल्या मोठ्या पिकअपसाठी डिझेल इंजिन स्वतः बनवत नव्हती. ते इंटरनॅशनल हार्वेस्टर, म्हणजे पुढची नेव्हिस्टार, तिला पुरवत असे. १९९४ मध्ये आलेले त्यांचे ७.३ लिटरचे ‘पॉवर स्ट्रोक’ आजही जुन्या लोकांच्या तोंडी आहे. त्याचा प्रसिद्ध दोष एकच: कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा छोटा सेन्सर अचानक जाई आणि गाडी चालता चालता बंद पडे. शहाणे मालक एक जादा सेन्सर आणि १० नंबरचा पाना डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवत आणि रस्त्याकडेला स्वतःच बदलत. ज्या बिघाडाची दुरुस्ती मालकाच्या हातात असते, त्या बिघाडाने भरवसा तुटत नाही.

भरवसा तुटला तो २००३ च्या मॉडेलबरोबर आलेल्या ६.० लिटर इंजिनाने. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्याचे सरकारी नियम कडक होत होते आणि हा कडकपणा रास्तच होता. त्यासाठी धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडायचा असे ठरले. धूर थंड करायला रेडिएटरच्याच पाण्यावर चालणारा एक कूलर बसवला. ताकद तर वाढवली: ३२५ अश्वशक्ती. हेड मात्र प्रत्येक सिलिंडरभोवती चारच मोठ्या बोल्टांनी आवळलेले होते, १४ मिलिमीटर जाडीच्या.

आता बिघाडाची साखळी पाहा, कारण सगळा इतिहास या साखळीत आहे. इंजिनाच्या मधल्या खोबणीत ऑइल कूलर बसवलेला. त्यातल्या पाण्याच्या वाटा फार बारीक. ओतकामातली उरलेली वाळू आणि कूलंटमधून सुटलेला गाळ त्या वाटांत साचे. पाणी ऑइल कूलरमधूनच पुढे धुराच्या कूलरकडे जात असल्याने तिथला प्रवाह कमी होई. शेकडो अंश तापलेल्या धुरापुढे थोडे पाणी म्हणजे उकळी आलीच. धुराचा कूलर आतून फाटे, पाणी इंजिनात शिरे, वाफेचा दाब वाढे. ट्रेलर चढावर असेल तर सिलिंडरमधला दाब आधीच जास्त. शेवटी बोल्ट ताणले जात आणि हेड गॅस्केट जाई. मालकाला दिसे ते फक्त शेवटचे: पांढरा धूर आणि रिकामी होत जाणारी पाण्याची टाकी.

इतरही दुखणी होती. इंजेक्टर चालवणारे एक इलेक्ट्रॉनिक खोके ४८ व्होल्टवर चाले. बॅटरी कमजोर झाली की त्याच्यावर ताण येऊन ते निकामी होई आणि थंडीत गाडी सुरूच होत नसे. टर्बोची हलणारी पाती गंजाने आणि काजळीने अडकत. हेडपर्यंत पोचायला जागा इतकी अडचणीची की अनेक गॅरेजांत बोल्ट सोडून अख्खी केबिन लिफ्टने वर उचलत आणि मग इंजिनाला हात घालत. घर उचलून पाया दुरुस्त करावा तसे.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सुरुवातीला गॅस्केट गेले की गॅस्केट बदलले जाई आणि गाडी परत दिली जाई. काही महिन्यांनी तीच गाडी तेच दुखणे घेऊन दारात हजर. साखळी मुळापासून तोडण्याचे काम बरेचसे बाहेरच्या मिस्त्री लोकांनी केले. त्यांनी एक साधी कसोटी रुजवली. गाडी तापल्यावर एका वेगाने चालवायची आणि ऑइलचे तापमान व पाण्याचे तापमान ताडून पाहायचे. फरक १५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर ऑइल कूलर तुंबला आहे. हे गॅस्केट जाण्याच्या कितीतरी आधी कळते. मग ऑइल कूलर बदलायचा, पाण्याला वेगळा फिल्टर लावायचा, धुराचा मजबूत कूलर बसवायचा आणि हेड उघडलेच तर ताणल्या जाणाऱ्या बोल्टांऐवजी जास्त ताकदीचे स्टड घालायचे. एवढे केलेली ती बदनाम इंजिने नंतर लाखो मैल चालली आहेत.

मिस्त्री कारण शोधत होते तेव्हा कंपन्या कोर्टात होत्या. जानेवारी २००७ मध्ये फोर्डने नेव्हिस्टारवर दावा लावला. वॉरंटीचा खर्च कुणी किती उचलायचा आणि नव्या इंजिनाची किंमत किती, हा तंटा होता. नेव्हिस्टारने काही दिवस इंजिनांचा पुरवठाच थांबवला आणि कोर्टाच्या आदेशानंतर तो सुरू केला. २००९ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि त्या वर्षअखेर जुना करार संपला. २०११ च्या मॉडेलपासून फोर्डने स्वतःचे ६.७ लिटर इंजिन आणले. त्यात प्रत्येक सिलिंडरभोवती बोल्ट सहा होते. कंपन्यांचा हिशेब असा मिटला. हंगामात ट्रक दीड महिना गॅरेजमध्ये पडून राहिला म्हणून ज्याचे कंत्राट गेले, त्याचा हिशेब या तडजोडीत कुठे होता?

उलटे उदाहरणही आहे. जनरल मोटर्स आणि इसुझू यांनी मिळून २००१ मध्ये ‘ड्युरामॅक्स’ इंजिन आणले. त्याचे पहिल्या पिढीचे इंजेक्टर गळत आणि डिझेल ऑइलमध्ये मिसळे. कंपनीने त्या इंजेक्टरांची हमी ७ वर्षे किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवली. दोष होता, पण दोषाला कुणीतरी जामीन राहिले.

मालक सगळे निर्दोष होते असेही नाही. बरेच जण संगणकाचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवत आणि मग बोल्ट तुटले की कंपनीला दोष देत. कित्येकांनी दुरुस्तीच्या नावाखाली धूर स्वच्छ करणारी यंत्रणाच उपटून टाकली. तिथल्या कायद्याने हा गुन्हा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० साली अंदाज दिला की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमध्ये अशी छेडछाड झाली. मालकाचा खर्च वाचला, पण तो धूर शेजारच्या पोरांच्या छातीत गेला.

ही कहाणी संपलेलीही नाही. पुढच्या पिढीच्या इंजिनांमध्ये बॉशचा सीपी-४ नावाचा उच्च दाबाचा पंप आला. डिझेल स्वतःच त्या पंपाचे वंगण असते. अमेरिकन मानकाप्रमाणे डिझेलचे वंगणगुण युरोपपेक्षा कमी असले तरी चालतात. अशा डिझेलवर पंप झिजला की धातूचा कीस टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळीकडे पसरतो आणि पूर्ण इंधनयंत्रणा बदलावी लागते. पंपवाला म्हणतो डिझेल खराब, गाडीवाला म्हणतो भेसळ झाली असेल, डिझेलवाला म्हणतो आमचे मानकाबरहुकूम. रॅम कंपनीने २०२१ मध्ये आपले ट्रक परत बोलावून जुना सीपी-३ पंप बसवायला घेतला.

१९७८ पासूनचा हा इतिहास एकत्र पाहिला तर एक गोष्ट दिसते. मोठे बिघाड बहुधा दोघांच्या सांध्यावर झाले. पेट्रोलची जुनी यंत्रे आणि नवे डिझेल, फोर्ड आणि नेव्हिस्टार, नियम आणि घाई, पंप आणि इंधन. सांधा दोघांचा असतो, म्हणून त्याची जबाबदारी कुणी एकटा घेत नाही. जबाबदार या शब्दात ‘जवाब’ हा अरबी शब्द आहे. जबाबदार म्हणजे ज्याने उत्तर द्यायचे तो. ‘जामीन’ही अरबीतूनच आपल्याकडे आला, दुसऱ्यासाठी उभा राहणारा या अर्थाने. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, म्हणजे गुरू, उस्ताद.

आणि तरीही दहावी नापास झालेल्या मुलाला आपण सहज म्हणून जातो, ‘जा मग गॅरेजमध्ये’. दोन तापमानांतला फरक पाहून तीन महिन्यांनी येणारा बिघाड आज सांगणे हे शिक्षण नव्हे तर काय आहे? कारण आणि परिणाम यांची साखळी उलट्या दिशेने चालत मूळ गाठणे, हेच तर आम्ही इतिहासाच्या तासाला शिकवू पाहतो. ज्या मालकाने त्या वर्षांत आपला ट्रक वाचवला, त्याला उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा एकच होता, हात काळे करून गाडीखाली झोपलेला. त्याने ते इंजिन बनवले नव्हते, विकलेही नव्हते.