मणी, मणियार आणि चौल बंदर

मणियार हे आडनाव आपल्या समाजात ठिकठिकाणी आढळते. बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरणारा मणियार वडीलधाऱ्यांना आठवत असेल. परंतु हा शब्द मूळचा बांगडीचा नव्हे, मण्याचा आहे. संस्कृत ‘मणिकार’ म्हणजे मणी घडविणारा. त्यावरून तो आला. धंदा पालटला, नाव राहिले.

काचेचा मणी ही क्षुल्लक वस्तू खरी; पण कापड विरते, लाकूड कुजते, काच मात्र मातीत शतकानुशतके टिकते. डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन थरांत काचमणी मिळाले. १९६० साली निघालेल्या त्या अहवालाच्या लेखकांत झेड. डी. अन्सारी हेही एक होते, हे विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

हे बारीक मणी एकेक घडवीत नसत. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात पोकळी करून त्याची लांबच लांब नळी ओढायची, तिचे तुकडे पाडायचे आणि राखेत घोळवून पुन्हा तापवायचे, म्हणजे कडा गोल होतात. एका नळीतून ढीगभर मणी! म्हणूनच ते गरिबाच्या गळ्यातही आले.

आता मुळशीहून ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाऊ. तेथून वायव्येस, रेवदंड्याजवळ, जुने चौल बंदर आहे. अल-मसूदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास येथे आला होता. या शहराला तो सैमूर म्हणतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान येथे राहत, असे त्याने नमूद केले आहे. राज्य तेव्हा राष्ट्रकूटांचे होते.

या बंदरातून काय जात असे? चौल येथील काच आणि केनियात सापडलेले मणी यांचे रासायनिक पृथक्करण झाले. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे त्या अभ्यासात सहभागी होते. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे ॲल्युमिना अधिक असलेली, एकाच जातीची काच आढळली. आफ्रिकेतला प्रत्येक मणी चौलचाच, असे यावरून म्हणता येणार नाही. तथापि आपल्या किनाऱ्यावरील काच हस्तिदंताच्या व्यापारात तिकडे पोहोचत होती, हे मानण्यास मोठा आधार मिळाला.

घरात पाहिले तर मणी दोन ठिकाणी हमखास दिसतो: तसबीहमध्ये आणि काळ्या पोतीत. मराठी मुलखातील कितीतरी मुस्लिम घरांतही विवाहित स्त्री काळी पोत घालते. ती ओवून, गाठवून देणारा पटवेकरी.

मसूदीने व्यापाऱ्यांविषयी लिहिले. भट्टीपुढे बसणाऱ्याचे नाव कोणी लिहिले नाही. आपल्यातील वृद्ध मणियार-पटवेकरी मंडळींना कोणत्या मण्याला काय म्हणत, माल कोठून येई, कोणत्या गावी कोणत्या वारी बाजार धरीत, हे अजून सांगता येईल. विद्यार्थ्यांनी या सुटीत वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे.