प्रतिभा कुणाच्या रक्तात?



सूतगिरणीत पाळी सुटल्यावर मी कवितेची वही काढतो, तवा एक जण हसून म्हणतो, "तुझ्यात हे कुठनं आलं रं?" तारीफच ती. पण त्या 'तुझ्यात'मध्ये काटा आहे.

१८६९ साली इंग्लंडात गाल्टननं नामवंतांची घराणी मोजली आणि ठरवलं, प्रतिभा रक्तातनं येते. घराण्याबरोबर पैसा, शाळा, ओळखीही येतात, हे त्यानं सोयीस्कर बाजूला ठेवलं. आपल्याकडं मनूनं ते आधीच सांगून ठेवलेलं. १९२१ पासून टर्मननं कॅलिफोर्नियातली हुशार पोरं चाचणीनं निवडली. त्यातल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. चाळणीतून गळालेल्या शॉकली आणि अल्वारेझला मात्र मिळालं. आणि गळालेला हाच शॉकली पुढं काळ्यांची बुद्धी जन्मानंच कमी म्हणत हिंडला!

आता साताऱ्याला या. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे पोरगं सरकारी शाळेत दाखल झालं. बसायला वेगळं गोणपाट, तेही घरनं न्यायचं. शिपाई नसला की पाणी नाही. १९०१ साली वडिलांकडं जाताना ही पोरं मसूर स्टेशनात उतरली. जात सांगितली आणि स्टेशनमास्तरचा चेहरा फिरला. दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली, तीही पोरांनीच हाकायची. रात्रभर घोटभर पाणी मिळालं नाही. डबा जवळ होता, पोट उपाशी.

असे अपमान हजारोंनी गिळले. तल्लख मनाला गिळता येत नाही, ते 'का?' विचारतं. हा 'का' एकटा पडला तर माणसाला आतनं कुरतडतो, आधार मिळाला तर इतिहास घडवतो. भिवाला रामजी सुभेदार होते, पोरांच्या शिक्षणासाठी झिजणारे.

वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९२० चे. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, आता सांगलीत. शाळा दीड दिवसाची. मुंबईत गिरणीत राबले, चळवळीत कॉम्रेड मिळाले, लेखणीला वाट मिळाली. १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली.

म्हणून या दोघांना 'अपवाद' म्हणू देऊ नका. अपवाद म्हटलं की बाकीचे आपण आपोआप 'ढ' ठरतो. वस्तीत मागच्या ओळीत गप्प बसलेलं पोरगं हेरा. त्याचे मार्क नंतर विचारा. आधी त्याच्या 'का?'ला सोबत द्या.

आणि "तुझ्यात कुठनं आलं?" असं कुणी विचारलंच, तर उलट विचारा: आमच्या किती जणांतलं तुम्ही मारलंत?